हृदय चालतं कसं, रक्त फिरतं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाविषयीचे प्रश्न बहुतेकांना आजारपणात सुचतात: ब्लॉकेज, बायपास, गोळ्या. इथे ते नाहीत. इथे धडधाकट हृदयाचं काम आहे, कारण तेच कळलं नाही तर रिपोर्टमधले आकडे नुसते आकडेच राहतात. शब्दांपुरतं एवढंच: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हटलं आहे (जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका). हृदयापासून दूर नेते ती रोहिणी किंवा धमनी, हृदयाकडे आणते ती नीला किंवा शीर.

हृदय डाव्या बाजूला असतं ना?

छातीच्या जवळपास मधोमध असतं, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात. फक्त ते तिरकं बसलेलं आहे, त्यामुळे त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो. खालचं टोक डाव्या बाजूला छातीच्या भिंतीला टेकतं आणि ठोका तिथेच हाताला लागतो, म्हणून हा समज. आकार आपल्या मुठीएवढा, वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम.

हृदय हा एक पंप आहे की दोन?

दोन. एकाच मधल्या भिंतीला पाठ टेकून उभे असलेले आणि एकाच वेळी आवळणारे दोन पंप. उजवा पंप शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. तिथून ते डाव्या पंपाकडे येतं आणि डावा ते साऱ्या शरीराला पाठवतो. चित्रात हे दोन वेगळे वळसे दाखवतात म्हणून गोंधळ होतो. प्रत्यक्षात वाट एकच आहे. उजव्यातून गेलेला थेंब फुप्फुसं ओलांडून डाव्यात येणार आणि डाव्यातून गेलेला शरीरभर हिंडून उजव्यात येणार.

दोघांचा दाब मात्र अगदी वेगळा. डाव्या निलयाला १२० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब तयार करावा लागतो, उजव्याचं २५ वर भागतं. फुप्फुसं जवळ आहेत आणि त्यांतल्या वाहिन्या मोकळ्या, रुंद आहेत. म्हणून उजव्याची भिंत पातळ आणि डाव्याची जाड. यावरून काही जण उजव्याला दुय्यम समजतात, पण मिनिटाला जेवढं रक्त डावा पाठवतो तेवढंच उजवाही पाठवतो: विश्रांतीत सुमारे पाच लिटर.

‘तेवढंच’ हा शब्द किती काटेकोर आहे ते हिशेबाने बघा. समजा, उजव्याने प्रत्येक ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिलिलिटर जास्त रक्त पाठवलं. मिनिटाला ७० ठोके धरले तर तासाभरात ४ लिटरहून जास्त रक्त फुप्फुसांत अडकेल. शरीरात रक्त असतं एकूण पाच लिटरच्या आसपास. म्हणजे दोन पंपांचा हिशेब दिवसरात्र जुळत राहायलाच हवा. तो कोण जुळवतं, याचं उत्तर थोडं पुढे येईल.

रोहिणीत शुद्ध आणि नीलेत अशुद्ध रक्त असतं, बरोबर?

शाळेत पाठ केलेलं हे वाक्य दोन ठिकाणी अडखळतं. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलांत ऑक्सिजनने भरलेलं. रोहिणी की नीला हे रक्त कुठल्या दिशेला चाललंय यावर ठरतं, त्यात काय आहे यावर नाही.

दुसरं, ‘अशुद्ध’ हा शब्दच मला खटकतो. विश्रांतीत असताना शरीरातून परत आलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अजून सुमारे ७५ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. शरीराने जेमतेम चौथा हिस्सा उतरवून घेतलेला असतो. आणि रक्ताची खरोखरची गाळणी करतात मूत्रपिंडं, ज्यांना रक्त रोहिणीतूनच मिळतं.

मग हातावरच्या शिरा निळ्या का दिसतात?

आतलं रक्त गडद लालच असतं. त्वचेतून खोलवर जाणारा आणि परतणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळा विखुरतो आणि शोषला जातो. त्यातून डोळ्याला निळसर छटा भासते. सुईने रक्त काढताना नळीत येणारा रंग एकदा नीट बघा, शंका मिटेल.

रक्त गोल फिरतं हे कुणाला आणि कसं कळलं?

ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती गुणाकारावर येऊन ठरते. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याची शिकवण हजार वर्षांहून अधिक काळ चालली. त्याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं, शरीरभर जातं आणि तिथेच संपतं. हृदयाच्या मधल्या भिंतीत न दिसणारी भोकं आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असंही तो मानत असे. (मराठीत ‘काळीज’ हा एकच शब्द यकृतालाही चालतो आणि हृदयालाही, त्याची इथे गंमत वाटते.) तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकून कैरोत काम केलेल्या इब्न अल्‌-नफीस यांनी लिहून ठेवलं की त्या भिंतीत भोकं नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जातं. युरोपला याचा पत्ता फार उशिरा लागला.

१६२८ मध्ये विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडत असेल, याचा त्याने मुद्दाम फार कमी अंदाज धरला. अर्ध्या तासात निदान हजार ठोके पडतात. गुणाकार केला तर अर्ध्या तासातच शरीरातल्या सगळ्या रक्ताहून जास्त रक्त हृदयातून जातं. इतकं रक्त खाल्लेल्या अन्नापासून तयार होणं शक्य नाही. मग तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असलं पाहिजे. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या नीलेवरून बोट फिरवून त्याने हेही दाखवलं की तिथलं रक्त हृदयाच्याच दिशेने सरकतं, उलट ढकललं तर झडपांवर अडतं. नीलांमधल्या झडपांचं वर्णन पादुआत त्याच्याच गुरूने, फाब्रिसियसने, आधी केलं होतं. त्या कशासाठी आहेत हे मात्र शिष्याला उमगलं.

एक दुवा राहिला होता: रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कुठून? हार्वीला ते कधीच दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या अतिबारीक वाहिन्या, दिसल्या आणि वळसा पुरा झाला.

हृदयाला धडधडायला मेंदू सांगतो का?

नाही. हृदय आपल्या आपण धडधडतं. शरीराबाहेर काढलेलं हृदयही ऑक्सिजन आणि योग्य क्षार मिळत राहिले तर आकुंचन पावत राहतं. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्या पेशींचा विद्युतभार स्थिर राहतच नाही. आयन, म्हणजे क्षारांचे विद्युतभारित कण, हळूहळू आत झिरपतात, भार एका उंबरठ्यापर्यंत चढतो आणि ठिणगी पडते. ठिणगी पडली की पुन्हा पहिल्यापासून. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी या पुंजक्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता, आणि त्याला तो पहिल्यांदा दिसला तो मोल नावाच्या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयात.

ठिणगी दोन्ही अलिंदांत पसरते, पण निलयांत थेट उतरत नाही. मधे विद्युतरोधक पडदा आहे आणि त्यातून जायला एकच खिंड: जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये दाखवलेला पेशींचा दुसरा पुंजका. तिथे संदेश सुमारे एक दशांश सेकंद रेंगाळतो. हा उशीर कामाचा आहे. तेवढ्यात अलिंदं आपलं रक्त निलयांत रिकामं करतात. मग संदेश वेगवान तंतूंवरून खाली धावतो आणि दोन्ही निलयं जवळजवळ एकदमच आवळतात.

मेंदूचं काम लगाम आणि चाबूक यांचं. त्या पुंजक्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. विश्रांतीत आपली नाडी ७० च्या आसपास असते, कारण व्हेगस नावाची नस सतत लगाम खेचून असते. हृदयाचं प्रत्यारोपण करताना या नसा तुटतात, म्हणून प्रत्यारोपित हृदय विश्रांतीतही बहुधा ९० ते ११० च्या दरम्यान चालतं. धावायला लागल्यावर नाडी आधी वाढते ती लगाम सैल झाल्यामुळे. चाबूक, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या नसा आणि ॲड्रेनॅलिन, मागाहून येतो.

ईसीजीत हृदयाचं आकुंचन दिसतं का?

ईसीजीत फक्त वीज दिसते. पहिली छोटी टेकडी अलिंदांत वीज पसरल्याची, मधला उंच सुळका निलयांत पसरल्याची, शेवटची गोलसर टेकडी निलयं पूर्ववत झाल्याची. स्नायूने त्या विजेला किती जोराने प्रतिसाद दिला, झडपा नीट मिटल्या का, किती रक्त बाहेर पडलं, यातलं काहीच कागदावर थेट उमटत नाही. त्यासाठी टूडी इको करतात.

‘लब्-डब्’ हा आवाज कशाचा?

झडपा मिटल्याचा. निलयं आवळू लागली की अलिंद आणि निलय यांमधल्या दोन झडपा मिटतात, तो ‘लब्’. आकुंचन संपून दाब उतरला की महारोहिणी (डाव्या निलयातून शरीराकडे निघणारी सर्वांत मोठी रोहिणी) आणि फुप्फुस-रोहिणी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात, तो ‘डब्’. उघडताना त्या निरोगी हृदयात आवाज करत नाहीत, चांगल्या दारासारख्या.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. अलिंद आणि निलय यांमधल्या झडपांना खालून दोऱ्या असतात, त्या निलयाच्या भिंतीतल्या छोट्या स्नायूंना जोडलेल्या असतात. बरेच जण समजतात की या दोऱ्या झडप ओढून उघडतात. तसं नाही. कुठलीही झडप उघडते-मिटते ती दोन बाजूंच्या दाबातल्या फरकाने. दोऱ्यांचं काम फक्त झडप उलटी फिरू न देण्याचं, वाऱ्यात छत्री उलटू नये म्हणून काड्या धराव्यात तसं.

हृदय जन्मभर काम करतं, मग थकत कसं नाही?

दर ठोक्यानंतर ते विसावतं म्हणून. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याचं चक्र ०.८ सेकंदाचं. त्यात निलयं आवळलेली असतात सुमारे ०.३ सेकंद, उरलेला ०.५ सेकंद सैल. दिवसाला एक लाखाच्या वर ठोके पडतात खरे, पण निम्म्याहून जास्त दिवस निलयं सैलच असतात.

या विसाव्यातच त्यांचं पोट भरतं. हृदयाच्या आत इतकं रक्त असूनही जाड भिंतीला त्याचा उपयोग होत नाही. तिला स्वतःच्या वेगळ्या रोहिण्या आहेत, महारोहिणीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या. विश्रांतीत त्यांतून मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त जातं. पण डावं निलय आवळलं की त्याच्या भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणून डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतांश रक्त तो सैल असतानाच मिळतं. नाडी वाढते तेव्हा कात्री मुख्यतः या सैल वेळेलाच लागते: काम वाढतं आणि जेवायची सुट्टी कमी होते. शिवाय हृदयाचा स्नायू विश्रांतीतही आपल्या वाट्याच्या रक्तातला ७० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन काढून घेतो. बाकीच्या शरीरासारखी शिल्लक त्याच्याकडे नसते. जास्त हवं असेल तर जास्त रक्तच यायला हवं. या रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाला जिना चढतानाच छातीत का भरून येतं, त्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

किती रक्त पाठवायचं हे हृदय कसं ठरवतं?

प्रश्नातच एक चूक लपलेली आहे. हृदय बहुतांशी ठरवत नाही. त्याचा खाक्या सोपा आहे: जेवढं येईल तेवढं पुढे धाडायचं.

१८९५ मध्ये जर्मनीत ओटो फ्रांक यांनी बेडकाच्या हृदयावर, आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग केले. निलय भरताना जितकं ताणलं जातं तितकं ते पुढच्या ठोक्याला जोराने आवळतं, असं दिसलं. कारण स्नायूच्या आतल्या घडणीत आहे. तंतू थोडे ताणले की त्यांतले एकमेकांवरून सरकणारे धागे पकडीसाठी अधिक सोयीच्या स्थितीत येतात आणि कॅल्शियमला अधिक जोरकस प्रतिसाद देतात. यासाठी मेंदू लागत नाही, नस लागत नाही, हार्मोन लागत नाही.

दोन पंपांचा हिशेब जुळतो तो असा. उजव्याने चुकून जास्त पाठवलं, तर ते जास्तीचं रक्त काही ठोक्यांत डाव्याकडे पोचतं, डावं निलय जास्त ताणलं जातं, जास्त जोराने आवळतं आणि जास्तीचं पुढे जातं. मोजणारं कुणी नाही, तरी बेरीज चुकत नाही.

मग खरं ठरवतं कोण? शरीरातले अवयव. काम करणारा स्नायू आपल्या वाहिन्या मोकळ्या करतो, त्यातून जास्त रक्त नीलांत उतरतं, हृदयाकडे जास्त परत येतं आणि हृदय तेवढं पुढे पाठवतं. नसा आणि ॲड्रेनॅलिन हृदयाचा वेग आणि जोर वाढवतात, पण आलेल्याला वाट करून देण्यासाठी. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी पेसमेकरने नुसती ७० वरून ११० केली तर मिनिटाला जाणारं रक्त फारसं वाढत नाही. परत येणारं रक्त तेवढंच असल्याने दर ठोक्याचा वाटा लहान होतो, इतकंच.

‘काळजाचा ठोका चुकला’ तर खरंच चुकतो का?

पुष्कळदा होतं ते असं: एखादा ठोका ठरल्या वेळेआधीच पडतो. निलय भरायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून तो क्षीण असतो, मनगटावर लागतही नाही. मग नेहमीपेक्षा लांब विराम येतो. त्या विरामात निलय जास्त भरतं, ताणतं आणि पुढचा ठोका दणकून पडतो. आपल्याला जाणवतो तो हा पुढचा. अधूनमधून असं निरोगी माणसांतही होतं. वारंवार होत असेल, किंवा सोबत चक्कर आणि धाप असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

इकोत ‘पंपिंग ६० टक्के’ आलं. मग ४० टक्के हृदय बंद आहे का?

रिपोर्टमधल्या आकड्याने इतकी उगाच झोप उडवलेली दुसरी उदाहरणं थोडीच असतील. हा परीक्षेतला गुण नाही. भरलेल्या निलयात सुमारे १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७० बाहेर पडतं, ५० मागे राहतं. ७० भागिले १२० म्हणजे साधारण ५८ टक्के. निरोगी माणसात हा आकडा सहसा ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. शंभर कुणाचाच नसतो. मागे राहिलेलं रक्त हा राखीव साठा आहे, कष्टाच्या वेळी निलय जास्त जोराने आवळून त्यातलं आणखी काढतं.

आकडा चांगला म्हणजे सगळं उत्तम, असंही नाही. निलय ताठर झालं आणि मुळात भरतच कमी असलं, तर कमी भरलेल्यातले ६० टक्के म्हणजे कमीच रक्त.

खेळाडूंची नाडी ४० असते, मग त्यांना रक्त कमी पडत नाही का?

पाच लिटर ७० ठोक्यांत पाठवा किंवा ४० ठोक्यांत, मिनिटाची बेरीज तीच. लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांचं निलय वर्षानुवर्षांच्या सरावाने मोठं होतं आणि एका ठोक्याला सव्वाशे मिलिलिटर पाठवू शकतं. खरा फरक शर्यतीत दिसतो: सामान्य तरुण जोर लावून मिनिटाला २० ते २५ लिटरपर्यंत जातो, कसलेला खेळाडू ३५ च्या आसपास. सराव नसताना नाडी ४० असेल आणि गरगरत असेल तर मात्र तपासणी हवी.

बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे का?

कारण दाब सतत हलत असतो. डावं निलय रक्त ढकलतं तेव्हाचा कळस म्हणजे वरचा आकडा, पुढचा ठोका पडायच्या आधीचा तळ म्हणजे खालचा. खरा विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे: निलय सैल झाल्यावर त्याच्या आतला दाब जवळजवळ शून्यावर येतो, मग रोहिणीतला ८० वर कसा थांबतो? महारोहिणी लवचीक आहे म्हणून. ठोक्याबरोबर ती फुगते, रक्ताचा काही भाग पोटात ठेवते आणि झडप मिटल्यावर आक्रसून तो पुढे सोडते. त्यामुळे झटक्यांनी निघालेला प्रवाह पुढे सलग होत जातो. वयाबरोबर ही भिंत ताठरते. मग कळस उंच होतो आणि तळ टिकत नाही, म्हणून उतारवयात पुष्कळांचा फक्त वरचा आकडा वाढलेला दिसतो.

१२० मिलिमीटर पारा म्हणजे किती? रक्ताचा सुमारे दीड मीटर उंच स्तंभ तोलेल एवढा. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून वर चढलेलं नोंदवलं. आपल्या दंडावरचा पट्टा १८९६ चा, शिपिओने रिव्हा-रोची यांचा. स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे घ्यायची रीत १९०५ ची, निकोलाय कोरोत्कोव्ह यांची. तो आवाज हृदयाचा नसतो. पट्ट्याने अर्धवट दाबलेल्या रोहिणीतून खळाळत जाणाऱ्या रक्ताचा असतो.

घरी मोजताना दंड हृदयाच्या पातळीत ठेवा. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो. नुसत्या रक्ताच्या वजनाने.

मनगटावरची नाडी म्हणजे तिथे पोचलेलं रक्त का?

रक्त नाही, लाट. हृदयातून निघालेला दाबाचा धक्का रोहिणीच्या भिंतीवरून सेकंदाला साधारण ५ ते १० मीटर वेगाने धावतो. रक्त स्वतः महारोहिणीत सरासरी सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास सरकतं. या ठोक्याला बाहेर पडलेला थेंब मनगटाशी पोचेपर्यंत पुढचे ठोके पडून गेलेले असतात.

केशवाहिन्यांत तर वेग सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो. एकेक केशवाहिनी इतकी अरुंद की तांबड्या पेशीला अंग चोरून, एकामागे एक जावं लागतं. पण त्या अब्जावधी आहेत, सगळ्यांची मिळून रुंदी महारोहिणीच्या शेकडो पट. नदी मुखाशी फाटे फुटून पसरते आणि संथ होते तसंच. हा संथपणा हवाच असतो, कारण साऱ्या अभिसरणाचं खरं काम इथे होतं: ऑक्सिजन आणि साखर बाहेर, कार्बन डायऑक्साइड आत, आणि त्यासाठी वेळ जेमतेम एक ते तीन सेकंद.

कुठल्या अवयवाला किती रक्त, हे कुठे ठरतं?

रोहिण्यांच्या शेवटच्या बारीक फाट्यांत. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि ते नळाच्या तोटीसारखे आवळतात किंवा सैलावतात. या तोट्या इतक्या प्रभावी का, ते झाँ पोआझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास काचेच्या बारीक नळ्यांवर मोजून दाखवलं: प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. फक्त १० टक्के रुंद केली तर जवळपास दीडपट होतो. रक्त काही पाण्यासारखं साधं द्रव नाही, तरी अंदाज बांधायला हा नियम पुरतो.

विश्रांतीत मूत्रपिंडांना सुमारे २० टक्के रक्त जातं, वजनाने ती शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असूनही, कारण त्यांना रक्त वापरायचं नसतं, गाळायचं असतं. मेंदूला सुमारे १५ टक्के. स्नायूंना सगळे मिळून २० टक्क्यांच्या आतबाहेर. जोरात धावताना स्नायूंचा वाटा ८० टक्क्यांवर जातो, पोटातल्या अवयवांचा आक्रसतो, मेंदूकडे जाणारं रक्त मात्र जवळपास तेवढंच राहतं. सगळ्या तोट्या एकदम उघडल्या तर पाच लिटर रक्त पुरणारच नाही, दाब कोसळेल.

पायातलं रक्त वर कसं चढतं? हृदय ओढून घेतं का?

ओढ अगदी थोडी. केशवाहिन्या ओलांडल्यावर दाब १५ च्या आसपास उरतो आणि स्तब्ध उभं राहिलं तर पावलाशी नीलेतला दाब वरच्या रक्ताच्या वजनाने ९० पर्यंत चढतो. इथे पोटरी मदतीला येते. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आतल्या नीला पिळतात, झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत, म्हणून ते वरच जातं. चालायला लागलं की पावलाशी दाब ९० वरून २५ च्या आसपास उतरतो. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, त्यानेही थोडं वर सरकतं. कवायतीत तासभर ताठ उभे असलेले जवान कोसळतात ते अशक्तपणाने नाही. पोटरी थांबली, रक्त पायांत साचलं, परत येणं घटलं, हृदयाकडे पुढे पाठवायला काही उरलं नाही. आडवं केलं की बहुधा लगेच शुद्धीवर येतात.

एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी का येते?

उभं राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या आणि महारोहिणीच्या कमानीतल्या दाब ओळखणाऱ्या जागा ताण कमी झाल्याचं मेंदूला कळवतात. नाडी वाढते, तोट्या आवळतात, काही सेकंदांत दाब सावरतो. अंधारी ही त्या मधल्या सेकंदांची. पाणी कमी प्यायलं असेल, ताप असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर सावरायला जास्त वेळ लागतो.

रक्तवाहिन्यांची एकूण लांबी एक लाख किलोमीटर असते म्हणे?

हा आकडा सगळीकडे आहे आणि बहुधा फुगलेला आहे. त्याचं मूळ नोबेल मिळवलेल्या डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्या जुन्या गणितात आहे. त्यांनी समजायला सोपं जावं म्हणून ५० किलो स्नायू असलेला माणूस धरला होता. इतके स्नायू पहिलवानाचे. अलीकडच्या मोजणीत हा आकडा ९,००० ते १९,००० किलोमीटरच्या दरम्यान येतो. तोही काही थोडा नाही.

श्वास घेताना नाडी वाढते आणि सोडताना मंदावते. हे ठीक आहे का?

ठीक आहे. श्वास आत घेताना व्हेगसचा लगाम थोडा सैल पडतो. मुलांत आणि तरुणांत हे जास्त जाणवतं.

पोटातल्या बाळाला श्वास नसतो, मग त्याचं रक्त कसं फिरतं?

त्याला ऑक्सिजन मिळतो वारेतून, आईच्या रक्ताकडून. फुप्फुसं द्रवाने भरलेली आणि मिटलेली, तिथल्या वाहिन्या आवळलेल्या. सगळं रक्त तिथे पाठवण्यात अर्थ नसतो, म्हणून दोन आडवाटा असतात. एक, दोन अलिंदांमधलं झाकण असलेलं भोक. दुसरी, फुप्फुस-रोहिणीतून थेट महारोहिणीत जाणारी छोटी वाहिनी. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ‘उजव्यातून फुप्फुस, तिथून डाव्यात’ ही वाट जन्माआधी लागूच नसते, दोन्ही पंप जोडीने शरीराला रक्त देतात.

पहिला श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात, त्यांतल्या वाहिन्या उघडतात आणि डाव्या अलिंदात एकदम भरपूर रक्त येऊ लागतं. नाळ बंद झाल्याने उजवीकडे येणारं घटतं. डावीकडचा दाब उजवीपेक्षा वर गेला की त्या भोकावरचं झाकण ढकललं जाऊन बंद होतं, कुठल्याही झडपेसारखं, दाबातल्या फरकाने. दुसरी वाहिनी ऑक्सिजन वाढल्यामुळे आवळत जाते आणि दोनतीन दिवसांत मिटते. झाकण पुढे भिंतीला चिकटून जातं. सुमारे चौघांपैकी एकात ते पुरतं चिकटत नाही, नुसतं दाबाने मिटलेलं राहतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही.